सांडू नये म्हणून

माणसाची चाल बघितली की त्याच्याबद्दल जे काय मत करायचं ते मी तिथल्या तिथे करून टाकतो. हात हलवत, खांदे उडवत, टाचा आपटत चालणारी माणसं मला जन्मात आवडली नाहीत. आमच्या धंद्यात असा माणूस आठवडाभरही टिकत नाही. मी वेटर आहे. आमच्या हॉटेलचा भटारखाना तळघरात, जेवणाचा हॉल वर, आणि मध्ये एक अरुंद, वळणाचा दगडी जिना. डाव्या तळहातावर ट्रे, ट्रेमध्ये काठोकाठ भरलेले सुपाचे बाऊल आणि उजवा हात पाठीशी, असा मी त्या जिन्यावरून अर्धं आयुष्य चढलो. थेंब सांडला नाही. आमचा आचारी मला ओळंबा म्हणतो. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. "भिंत हलेल, पण हा हलायचा नाही," असं तो नव्या वेटरांना सांगायचा आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. कौतुकाला मान डोलावली की ट्रे हलतो.

आचाऱ्याची माझ्याबद्दल एकच तक्रार होती. जिना त्याच्या भट्टीच्या डोक्यावरून जातो, त्यामुळे बाकी प्रत्येक वेटर कितव्या पायरीवर आहे ते त्याला खालून ऐकू येतं. माझं मात्र त्याला कधी कळायचं नाही. "गेला का रे हा?" म्हणून तो मान वर करून विचारायचा, तोवर मी वाढून परत त्याच्या पाठीशी उभा असायचो. दचकून तो शिव्या द्यायचा. त्या शिव्यांसारखं बक्षीस मला दुसरं कुणी दिलं नाही.

मग एका दुपारी, भर गर्दीच्या वेळी, वरच्या पायरीवर पोचलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढचं मला आठवत नाही, लोकांनी सांगितलं तेवढंच ठाऊक. मी पुढे हॉलमध्ये पडलो म्हणून वाचलो. मागे पडलो असतो तर गडगडत आचाऱ्याच्या पायाशी आणि तिथून थेट स्मशानात.

हृदयाला ठोके कधी वाढवायचे ते सांगणारी जी जागा असते ती माझी दमलेली आहे, असं डॉक्टर म्हणाले. काम वाढलं तरी ती ठोके वाढवत नाही, मध्येच गप्पही बसते. म्हणून त्यांनी डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत पेसमेकर बसवला. बरोबर ट्रेच्या खांद्याखाली. जखम भरेपर्यंत तो हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता, वायरी जागच्या हलू नयेत म्हणून. ती मुदत संपली तेव्हा डॉक्टरांनी टाळी दिल्यासारखा माझा हात धरला आणि म्हणाले, "झालं. आता चाला, जिने चढा, कामावर जा. मशीन आहे ना सांभाळायला."

मी हो म्हणालो आणि घरी येऊन खुर्चीत बसलो. उठलोच नाही म्हणा ना.

सरळच सांगतो, मला भीती वाटत होती. थोडीथोडकी नाही, पाचावर धारण बसली होती. आंघोळीला गेलो तरी कडी लावायचो नाही. शिंक आली की खांदा दाबून धरायचो. डावा हात तर मुदत संपल्यावरही छातीशी चिकटलेलाच राहिला. कुणी विनोद केला तर हसूही जपून, कारण हसताना छाती हलते आणि छातीत ते होतं. बोटांनी चाचपलं की कातडीखाली त्याची कड लागायची आणि काळजात धस्स व्हायचं. ते मला जगवत होतं आणि मी त्याच्याकडे घरात शिरलेल्या परक्या माणसासारखा बघत होतो.

एक दिवस मालक भेटायला आले. जुन्या मालकांचा मुलगा, माझ्या डोळ्यांदेखत मोठा झालेला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, मग मुद्द्यावर आले.

"काका, गर्दीचे दिवस तोंडावर आलेत. जिन्याला माणूस लागणार. तुम्ही येणार असाल तर जागा तुमचीच. नाही जमलं तर दारापाशी खुर्ची टाकतो. येणाऱ्यांना या म्हणायचं, जाणाऱ्यांना या परत म्हणायचं. बास."

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, चांगलं काम आहे की. बसून."

"बसून," मी म्हणालो. त्या खुर्चीत एकदा टेकलो की मला पुन्हा कुणी उठवणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. दुसऱ्यांचे ट्रे डुगडुगत जाताना बघायचे आणि दात काढून या या करायचं. त्यापेक्षा जिना चढून बघितलेला बरा. मरण काय, ते खुर्चीतही येतं.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको भाजी निवडत होती तेव्हा मी गुपचूप खाली उतरलो, वळलो आणि चढायला लागलो. माझ्या पद्धतीनं, खांदे सरळ, मान स्थिर, पाय मऊ. पहिला मजला झाला. वा, म्हटलं, उगाच घाबरलो. दुसऱ्याच्या अलीकडे श्वास अपुरा पडायला लागला. नुसता दम नव्हता तो. दम लागला की छाती धडधडते. इथे छाती शांत आणि मी गुदमरतोय. पाय लोकरीचे झाले, कानात हवा भरली. तीच अंधारी कडेकडेनं आत यायला लागली. मी कठडा धरून पायरीवर बसलो आणि मनगटावर बोटं ठेवली. नाडी सावकाश चालली होती, जणू मी पेपर वाचत बसलोय. माझा जीव चालला होता आणि मशीनला त्याची खबरच नव्हती.

बायको धावत खाली आली. "अहो! काय झालं?"

"चपलेचा अंगठा तुटला," मी म्हणालो.

तिनं चपलेकडे बघितलं. चपला धड होत्या. ती माझ्याशेजारी पायरीवर बसली आणि पदराच्या टोकानं माझं कपाळ पुसलं. 

त्याच दिवशी दवाखान्यात गेलो. मशीन तपासणाऱ्या तंत्रज्ञानं मला पलंगावर झोपवलं, छातीवर एक चकती ठेवली आणि पडद्यावर काय काय वाचलं. "काका, ठणठणीत आहे. बॅटरी छान, वायरी जागेवर. अगदी हवं तसं चाललंय."

त्यानं हे हसून सांगितलं आणि माझं अवसानच गळालं. बिघडलेलं मशीन दुरुस्त करता येतं. धडधाकट मशीनचं काय करायचं? डॉक्टर म्हणाले, अशा ऑपरेशननंतर मनात भीती बसते, व्यायामाच्या वर्गाला जा, तिथे देखरेखीखाली चालवतात. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तुम्ही घाबरता म्हणून दम लागतो." तिचं चुकत नव्हतं, मी घाबरतच होतो. पण नाडी मी मोजली होती. घाबरलेल्या माणसाची नाडी धावते. माझी बसून होती.

वर्ग दवाखान्याच्याच एका लांब खोलीत भरायचा. एका भिंतीला विजेवर फिरणारे चालायचे पट्टे, दुसऱ्या टोकाला पाण्याचं यंत्र, मध्ये खुर्च्या. शिकवायला फिजिओथेरपिस्ट होती, माझ्या लेकीच्या वयाची, चांगली दणकट. चालली की खिडकीच्या काचा थरथरायच्या. हात तर असे फिरवायची की शेजारून जाणाऱ्यानं आपलं नाक सांभाळावं. मी मनातल्या मनात तिचं नाव भूकंपबाई ठेवलं आणि म्हटलं, घ्या, हिच्या हाती आपला जीव.

तिनं माझ्या छातीला तारा चिकटवल्या. ठोक्यांचा आकडा पडद्यावर दिसत होता. "चला काका, पट्ट्यावर. अगदी हळू. मी इथेच आहे."

पट्टा सुरू झाला. मी चाललो, माझ्या पद्धतीनं. तिनं वेग जरा वाढवला, मग पट्ट्याला जरा चढ दिला. आणि ते आलं. तोच अपुरा श्वास, तेच लोकरीचे पाय. मी दांडी घट्ट पकडली. बाई, थांबवा म्हणायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि झटकन पट्टा बंद केला.

खुर्चीत बसवून तिनं विचारलं, "छातीत दुखतंय?"

"नाही."

"घाबरलात?"

"हो. खूप." परक्या मुलीपुढे इतकं सरळ बोललो याचं मलाच नवल वाटलं. "हे मशीन मला दगा देणार आहे. सगळे म्हणतात चांगलं आहे. मी मेल्यावरही म्हणतील, मशीन चांगलं होतं."

ती हसली नाही. पडद्याकडेच बघत राहिली. "तुम्ही चढावर असताना आकडा जिथल्या तिथे होता," ती हळूच म्हणाली, स्वतःशीच बोलल्यासारखी. म्हणजे माझी बोटं खोटं बोलत नव्हती. आनंद व्हायच्या ऐवजी मी जास्तच घाबरलो.

घसा सुकला होता. जरा बरं वाटल्यावर मी उठलो आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाणी घेतलं. कागदी पेला काठोकाठ भरला. अर्धा पेला भरून कुणाच्या हातात देऊ नये, हे मला धंद्यात पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तीही माझ्यापायी बराच वेळ ताटकळली, तिलाही तहान लागली असेल, म्हणून दुसराही भरला. दोन्ही पेले एका पुठ्ठ्यावर ठेवून, डाव्या तळहातावर पेलून, खुर्च्यांमधून वाट काढत तिच्यापाशी आणले.

तिनं पेला घेतला नाही. पाणी काठाच्याही वर फुगून उभं होतं, ते वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा पाण्याकडे.

"काका, तुम्ही काम काय करता?"

"वेटर आहे."

"ट्रे घेऊन चालता?"

"अर्धं आयुष्य. पडलो तो दिवस सोडला तर थेंब सांडला नाही," मी म्हणालो. एवढ्या भीतीतही ते सांगायचं मी सोडलं नाही.

"पेले खाली ठेवा," ती म्हणाली, "आणि माझ्याबरोबर चाला. माझ्यासारखं."

"मला तसं चालता येत नाही."

"तसं म्हणजे?"

आता काय सांगणार? "जरा... मोकळं," मी म्हणालो.

"धसमुसळं म्हणायचंय ना? म्हणा. घरचेही म्हणतात. हात हलवा काका. हा डावासुद्धा, त्याला कुणी बांधून घातलेलं नाही. खांदे सोडा. टाच टेकवू नका, आपटा."

मला शरम वाटली. पण भीती शरमेपेक्षा मोठी होती, म्हणून मी ऐकलं. तिच्या शेजारून, जन्मभर ज्यांना नावं ठेवली त्यांच्यासारखा, हात उडवत आणि पाय आपटत निघालो. खोलीच्या टोकाला जाऊन वळलो. आणि छातीत काहीतरी जागं झालं. धडधड. किती दिवसांनी! कानशिलं गरम झाली, श्वास खोल गेला, पाय हाडामांसाचे झाले. पडद्यावरचा आकडा चढत होता. मी थांबलो, छातीवर हात ठेवून उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं बघून न बघितल्यासारखं केलं.

मग तिनं समजावलं. त्या मशीनला डोळे नसतात. माणूस चालतोय हे त्याला शरीराच्या हादऱ्यांवरून कळतं. हादरे बसले की ते ठोके वाढवतं, नाही बसले की त्याला वाटतं माणूस आरामात बसलाय.

"आणि तुम्ही हलतच नाही," ती म्हणाली. "चढावर तुमचा जीव जात होता आणि त्याला वाटत होतं, काका खुर्चीत बसलेत."

खुर्चीत! मला राग आला. खरंच आला. "म्हणजे मी नीट चालतो हा माझा गुन्हा?"

"गुन्हा नाही हो. पण आतल्याला कळायला हवं ना, तुम्ही चाललाय म्हणून."

तंत्रज्ञाला बोलावलं. तो ओशाळला. मला त्यानं झोपवून तपासलं होतं आणि झोपलेला माणूस कसा चालतो हे कुणाला दिसणार? त्यानं मशीनला जरा अधिक जाणीव दिली. मी म्हटलं, भरपूर द्या की. तो म्हणाला, "फार दिली तर बस खड्ड्यातून गेली तरी धडधडायला लागेल. उरलेलं काका तुम्हालाच करावं लागेल. हादरा तुम्ही द्यायचा."

तेव्हापासून मी चालायला शिकलो, या वयात. वर्गात पट्ट्यावर, घरी बोळात. सुरुवातीला जीव मुठीत धरून. टाच आपटायची, थांबायचं, धडधड येते का बघायचं. आली की पुढचं पाऊल. कधी जरा उशिरा यायची आणि तेवढ्यात माझा घाम निघायचा. एका संध्याकाळी मी तिन्ही मजले चढून आलो. घंटा वाजवायच्या आतच बायकोनं दार उघडलं. ती हसत होती आणि रडत होती.

"लग्न झाल्यापासून तुम्ही घरी आल्याचं मला कधी ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "आज पहिल्या मजल्यापासून ऐकतेय."

डॉक्टरांनी परवानगी दिली. हलका ट्रे, थांबत थांबत. भूकंपबाईंनी बजावलं, "आणि काका, सांडलं तर सांडू द्या." मी हो म्हणालो. पण तोंडानं हो म्हणणं वेगळं. मला दोन भीती होत्या. एक मरायची आणि एक सांडायची. कुठली मोठी हे मला अजून ठरवता आलं नव्हतं.

हॉटेलात पाय ठेवला तेव्हा दारापाशी ती खुर्ची खरंच ठेवलेली होती, वर नवी गादीही होती. मालकांनी माझ्याकडे बघितलं, मी नजर वळवली आणि तळघरात उतरलो. आचाऱ्यानं मिठी मारली नाही, मशीनला धक्का लागेल म्हणून. लांबूनच म्हणाला, "ओळंबा, बारीक झालास." मग ट्रे भरला. दोनच बाऊल, पण काठोकाठ. त्याची ती सवय आणि माझ्यावरचा त्याचा विश्वास. मी ट्रे डाव्या तळहातावर घेतला. त्याचं वजन बरोबर त्या जागेच्या वर आलं. आचारी कामं सोडून जिन्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला, दोन्ही हात जरासे पुढे करून. मी पडलो तर झेलायला. त्याच्याही तोंडावरचा रंग उडाला होता.

मी चढायला लागलो आणि घात झाला. ट्रे हातात येताच शरीर आपोआप जुन्या वळणावर गेलं. खांदे बसले, मान थांबली, पाय मऊ झाले. डोक्यात भूकंपबाईंचे शब्द होते, पण अंग ऐकायला तयार नव्हतं. सूप आरशासारखं स्थिर. किती सुंदर चढत होतो मी! जिन्याच्या वळणावर पोचलो आणि श्वास संपला.

भिंत धरायला हात मोकळा होता, उजवा, पण तो पाठीशी गोठला होता. पाय लोकरीचे. कडेनं अंधारी. वरच्या पायऱ्या दिसत होत्या आणि त्यांच्या टोकाला तीच पायरी, जिथे मी पडलो होतो. खालून आचाऱ्याचा आवाज आला, "गेला का रे? पोचला का?" त्याला माझं ऐकू येत नव्हतं. आतल्यालाही येत नव्हतं. मी असा गुपचूप, थेंब न सांडता मरणार होतो आणि कुणालाही कळणार नव्हतं.

मी बाऊलकडे बघितलं. मग टाच आपटली.

सूप काठावरून उसळलं, ट्रेमध्ये पसरलं, मनगटावरून बाहीत गेलं. चटका बसला. मी दुसरी टाच आपटली. तिथेच, वळणावर, जागच्या जागी पाय आपटत राहिलो, खांदे उडवत, ट्रे नाचवत. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारा खुळावला. काही होईना. अजून काही होईना. मी पाय आपटतच राहिलो, आणि मग आलं. आधी हलकं, मग भरभरून. धडधड, धडधड. अंधारी मागे सरली. पायऱ्या पुन्हा दगडाच्या झाल्या. मी आपटत, सांडत, एकेक पायरी चढलो.

वरच्या पायरीवर पोचलो. भीती गेली नव्हती. पण मी उभा होतो. मी खाली वाकून बघितलं नाही. तिथेच उभं राहून टाच आपटली. दोनदा.

खालून, भट्टीच्या आवाजाला वरताण ओरडत, आचाऱ्यानं घसा फाडून उत्तर दिलं, "कळलं रे, कळलं! आहेस जिवंत!"

मी बाही झटकली आणि टेबलाकडे निघालो. दोन्ही बाऊल अर्धे झाले होते.